दाब कुठून निसटतो?

वणीहून राजूरकडे निघालं की रस्त्याकडेची झाडं कुठे काळवंडलेली दिसतात, तर कुठे पांढुरकी. काळेपणा कोळशाचा, पांढुरकेपणा चुन्याचा. वणीचा परिसर वर्धा खोऱ्यातल्या कोळसा क्षेत्रात येतो. इथल्या खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या आहेत. राजूर गाव कॉलरीइतकंच चुनाभट्ट्यांसाठीही ओळखलं जातं. या रस्त्यांवरून कोळशाचे टिप्पर जातात आणि त्यांच्या मागून शिफ्टला निघालेला, भट्टीवर किंवा वणीच्या बाजाराला निघालेला माणूस जातो. त्याच्याकडे बहुधा मोटरसायकल असते, आणि ती बहुधा जुनी, १०० सीसीची असते.

अशा गाडीची तक्रार सुरू होते ती एकाच वाक्याने: गाडी ओढत नाही. मग बाकीचं बाहेर येतं. सकाळी किक मारून मारून पाय दुखतो. डबलसीट चढावर दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. पेट्रोल जास्त खाते, ऑइल कमी होतं. मेकॅनिक हाताने किक दाबून पाहतो आणि सांगतो, "कम्प्रेशन गेलं भाऊ, हेड खोलावं लागते." बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं. पण कम्प्रेशन गेलं एवढं कळून भागत नाही. दाब चार-पाच वाटांनी निसटू शकतो आणि प्रत्येक वाटेचा इलाज वेगळा, खर्च वेगळा असतो. एकीला फिलर गेज आणि पाव तास पुरतो, तर दुसरीला लेथवाल्याकडे बोअर करून नवा पिस्टन घालावा लागतो. वाट न शोधता इंजिन उघडलं, तर जे बिघडलेलं नव्हतं तेही बदललं जातं. या प्रकरणात मी त्या वाटा कशा ओळखायच्या ते सांगणार आहे. त्यासाठी लागणारी बहुतेक साधनं राजूरसारख्या गावात मिळतात.

आधी हा दाब करतो काय ते पाहू. १८६० साली पॅरिसमध्ये लेनोआर याने गॅसवर चालणारं इंजिन तयार केलं. त्यात वायू आणि हवा न दाबताच पेटवली जात असे. इंजिन चालायचं, पण गॅस भरमसाट प्यायचं आणि काम थोडं करायचं. १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ओटो याने चार स्ट्रोकचं इंजिन यशस्वी केलं. त्यात मिश्रण आधी दाबायचं आणि मग पेटवायचं असा क्रम होता. तीच पद्धत आज राजूरच्या रस्त्यावरच्या प्रत्येक पेट्रोल गाडीत आहे. मिश्रण जितकं दाबलं जाईल तितकी त्याच्या जळण्यातून जास्त ताकद हाती लागते. म्हणून दाब गेलेली गाडी पेट्रोल जाळते खरी, पण त्यातली बरीच उष्णता धुरासोबत बाहेर फेकते.

सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबला की पंप गरम लागतो. सिलिंडरमध्ये तेच होतं, फक्त कितीतरी जास्त प्रमाणात. उदाहरणाला हिरो होंडाच्या १०० सीसी गाड्या घेऊ: सीडी १०० ही १९८५ साली आली आणि स्प्लेंडर १९९४ साली. दोन्हींतल्या इंजिनाचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर, म्हणून आकारमान ९७.२ सीसी. कम्प्रेशन रेशो ९ च्या आसपास धरा. म्हणजे पिस्टन अगदी वर आला की वरच्या पोकळीत फक्त १२ सीसी जागा उरते. २७ अंशांची हवा इतकी दाबली आणि तिची उष्णता कुठेही गेली नाही असं मानलं, तर तिचं तापमान ४५० अंशांच्या आसपास जाईल. प्रत्यक्षात सिलिंडरच्या गार भिंती बरीच उष्णता ओढून घेतात. तरी पेट्रोलचं बाष्प नीट होऊन ठिणगीला धरायला जी ऊब लागते, ती याच दाबातून येते. दाब कमी तर ऊब कमी, आणि मग गार गाडी किकला दाद देत नाही.

धक्का मारून तीच गाडी सुरू होते आणि मग दिवसभर चालते, याचंही कारण इथेच आहे. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर दाबण्याचा एक स्ट्रोक ५ मिलिसेकंदांत उरकतो. किकवर समजा ४०० फेऱ्यांचा वेग मिळाला, तर त्याच स्ट्रोकला ७५ मिलिसेकंद लागतात. गळणाऱ्या हवेला पंधरापट वेळ मिळतो. शिवाय वेगात असताना दाब पिस्टनवरच्या रिंगच्या मागच्या खाचेत शिरून रिंगला बाहेर, सिलिंडरच्या भिंतीवर रेटतो. दाब स्वतःच स्वतःचं झाकण घट्ट करतो. म्हणून झिजलेलं इंजिन रस्त्यावर बरं वाटतं आणि किकवर उघडं पडतं. धक्क्याने सुरू होते म्हणून गाडी ठीक आहे असं मानू नका.

हा दाब हातापायाला कळणं आपल्याकडे नवीन नाही. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स स्थापन झाली. तिच्या इंजिनांसारख्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हँडल मारताना आधी डिकम्प्रेशनची दांडी उचलायची, चाकाला वेग द्यायचा आणि मग दांडी सोडायची, हे ज्या शेतकऱ्याने केलं आहे त्याला कम्प्रेशन काय असतं ते शिकवावं लागत नाही. जुन्या बुलेटवालेही हेच करतात. अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकम्प्रेसर दाबून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा आणि मग पूर्ण ताकदीने किक मारायची. त्या जुन्या बुलेट ३५० चा बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे. तिथे दाब न सांभाळता किक मारली तर ती पायाला झटका देते.

पायाची परीक्षा अशी. इंजिन बंद, चावी बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. हळूहळू किक दाबत न्या. एका जागी ती अडते. तिथे शरीराचा भार टाकून थांबा. चांगलं इंजिन काही क्षण भार तोलून धरतं आणि मग हळूच सुटतं. किक कुठेही न अडता सरळ खाली गेली तर दाब नाही. मात्र क्लचप्लेट घसरत असतील तरी किक अशीच फुसकी जाते, आणि बुलेटमध्ये हा घोटाळा वरचेवर होतो. म्हणून दुसरी परीक्षाही करा. गाडी चौथ्या गिअरला टाका, क्लच सोडा आणि उतरून मागे ढकला, मग पुढे ढकला. मागचं चाक जागोजागी अडत असेल, तर दाब आहे आणि दोष क्लचकडे पाहावा. चाक आणि इंजिन दोन्ही सुरळीत फिरत असतील तर दाब खरंच गेलेला आहे.

आता टॅपेट. निदानाची सुरुवात इथूनच करायला हवी, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या रॉकरच्या मध्ये थोडी फट ठेवावी लागते; ती लावायचा स्क्रू म्हणजे टॅपेट. या १०० सीसी इंजिनात ती गार असताना ०.०५ मिलिमीटर असते. ही फट शून्य झाली तर व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पूर्ण बसतच नाही आणि दाब तिथून निसटतो. वर्षानुवर्षं आपटून आपटून व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल जात राहतो, त्याची दांडी वर सरकते आणि फट कमी होत जाते. म्हणजे झीज वाढते तसा टॅपेटचा आवाज कमी होतो. गिऱ्हाईकाला वाटतं, इंजिन किती शांत झालं. टॅपेट वाजतो अशी तक्रार घेऊन येणारे पुष्कळ असतात आणि त्यांचं समाधान करायला तो आवळून दिला जातो. मला विचाराल तर थोडा वाजणारा टॅपेट मुक्या टॅपेटपेक्षा केव्हाही चांगला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटला टेकतो तेवढ्याच वेळात आपली उष्णता हेडला देऊन गार होतो. टेकायलाच मिळालं नाही तर त्याची कड तापून जळते. मग पाव तासाच्या कामाचं रूपांतर हेड उघडण्याच्या कामात होतं.

फट तपासताना इंजिन पूर्ण गार हवं, रात्रभर उभी राहिलेली गाडी उत्तम. फ्लायव्हीलवरची ‘टी’ खूण केसिंगवरच्या खुणेसमोर आणा. दोन्ही टॅपेट बोटाने किंचित हलले पाहिजेत. हलले नाहीत तर पिस्टन चुकीच्या फेरीत आहे, फ्लायव्हील आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. एवढं करून फिलर गेजची ०.०५ ची पाती सरकवून पाहा. थोडी ओढ देऊन ती सरकली पाहिजे. टॅपेट सारखा केल्यावर किकमध्ये फरक पडला तर पुढचं सगळं वाचलं. दोन-चार दिवस चालवून पुन्हा तपासा. फट पुन्हा बुजली असेल तर सीट किंवा व्हॉल्व्ह खराब आहे.

टॅपेट ठीक असूनही दाब नसेल तर कम्प्रेशन गेज लावायची वेळ येते. प्लग काढून त्या भोकात गेज बसवायचा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायचा आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत जोरात किका मारायच्या. हे सांगायला सोपं आहे, पण छोट्या इंजिनात चूक व्हायला फार जागा आहेत. इंजिन आधी पाच-दहा मिनिटं चालवून गरम केलेलं असावं. थ्रॉटल बंद ठेवला तर कार्ब्युरेटरची स्लाइड हवा अडवते, सिलिंडर भरतच नाही आणि निरोगी इंजिनही आजारी दिसतं. चोकही उघडा हवा. चावी बंद ठेवावी.

सगळ्यात मोठी चूक गेजच्या नळीत असते. आपल्या वरच्या पोकळीत फक्त १२ सीसी जागा आहे हे लक्षात ठेवा. गेजमध्ये हवा परत न जाऊ देणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो नळीच्या प्लगकडच्या टोकाला असेल तर ठीक. तो वर, डायलजवळ असेल तर नळीतली सगळी जागा ज्वलनकक्षात मिळवली जाते. नळीत ५ सीसी जागा असेल, तर १२ ची १७ झाली आणि कम्प्रेशन रेशो ९ वरून ६.७ वर आला. ट्रक-जीपच्या गॅरेजमधून मागून आणलेल्या लांब नळीच्या गेजवर म्हणूनच १०० सीसीच्या नव्या गाडीचाही आकडा कमी येतो. मोठ्या इंजिनात ५ सीसी कुठे हरवतात कळतही नाही. शिवाय हिरो होंडासारख्या गाड्यांचा प्लग १० मिलिमीटर आट्याचा असतो, तर बुलेट आणि आरएक्स १०० चा १४ चा. अ‍ॅडॉप्टर हलक्या हाताने बसवा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्याचे आटे एकदा गेले की दाब निसटायची आणखी एक वाट आपणच तयार केली.

आकडा किती यायला हवा? मेकॅनिक त्याला नुसतं ‘किलो’ म्हणतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅम. चांगल्या अवस्थेतल्या अशा इंजिनात तो साधारण १० ते १४ च्या दरम्यान येतो. खरा आधार त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याचा घ्यावा. एका आकड्यावर मात्र फार विसंबू नका. पिस्टनच्या डोक्यावर कार्बन जमला असेल तर पोकळी लहान होते आणि झिजलेल्या इंजिनातही काटा वर जातो. आकड्यापेक्षा काटा कसा चढतो ते जास्त बोलकं असतं. पहिल्या किकेला कमी आणि मग प्रत्येक किकेला थोडा थोडा चढत गेला, तर संशय रिंगवर. पहिल्यापासून खालीच राहिला आणि फारसा चढलाच नाही, तर व्हॉल्व्हवर.

हा संशय पक्का करायला तेलाची परीक्षा आहे. प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल आत सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. तेल पिस्टनच्या कडेने रिंगभोवती बसतं आणि तिथली गळती तात्पुरती बुजवतं. आकडा बराच वाढला तर रिंग किंवा बोअर झिजला आहे. तसाच राहिला तर दाब व्हॉल्व्हमधून किंवा हेड गॅस्केटमधून जातोय, कारण तिथपर्यंत तेल पोचत नाही. परीक्षा नामी आहे, पण बहुतेक पुस्तकांत ती मोटारीच्या इंजिनासाठी लिहिलेली असते आणि ‘एक चमचा तेल’ असं सांगून मोकळी होते. चहाचा चमचा म्हणजे ५ सीसी. आपल्या १२ सीसीच्या पोकळीत ५ सीसी तेल ओतलं तर ७ सीसी उरतात आणि रेशो ९ वरून थेट १४.६ वर जातो. रिंग ठणठणीत असली तरी काटा उडी मारणार आणि विनाकारण बोअर करायचं ठरणार. १०० सीसीला १ सीसी तेल पुरे. तेवढ्याने रेशो फक्त ९.७ होतो. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सिरिंजने मोजून घाला.

आणखी एक अडचण आहे. या इंजिनाचा सिलिंडर जवळजवळ आडवा झोपलेला असतो. बुलेटमध्ये तेल पिस्टनच्या डोक्यावर पडून चहूबाजूंनी पसरतं. इथे ते खालच्या बाजूला साचतं आणि रिंगचा वरचा भाग कोरडा राहतो. म्हणून तेल घातल्यावर चार-पाच वेळा सावकाश किक फिरवून ते पसरू द्या आणि मग मोजा. तरीही आडव्या इंजिनात हा निकाल पुरावा म्हणून धरावा, अंतिम निवाडा म्हणून नको.

अंतिम निवाड्यासाठी माझा भरवसा कॉम्प्रेसरच्या हवेवर आहे. पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, आणि पंक्चरवाला नाही असा रस्ता महाराष्ट्रात सापडणार नाही. प्लगच्या भोकात बसेल असा जोड हवा. जुन्या प्लगमधलं चिनी मातीचं नळकांडं फोडून काढून त्यात नळी बसवून अनेक मेकॅनिक तो स्वतः तयार करतात. पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणायचा, दोन्ही टॅपेट सैल आहेत याची खात्री करायची. हवा सोडताच पिस्टन खाली ढकलला जाऊ शकतो, किक किंवा चाक अचानक फिरतं. म्हणून गाडी वरच्या गिअरला टाकून एकाने मागचा ब्रेक पक्का दाबून धरावा आणि किकपाशी कोणी पाय ठेवू नये. मग हळूहळू हवा सोडायची, जास्त दाब लावायची गरज नाही. आणि ऐकायचं.

कार्ब्युरेटरच्या तोंडाशी फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरच्या टोकाला हवा लागली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑइल भरायचं झाकण काढून तिथे वारा आला तर रिंग. थोडी हवा तिथून प्रत्येक इंजिनात येते, पण बोटाला जोराने लागली तर रिंग गेल्या. हेड आणि सिलिंडरच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गॅस्केट. प्लगच्या बुडाशी बुडबुडे आले तर आटे किंवा वॉशर. काही मिनिटांत दाब स्वतःच आपली वाट दाखवतो, आणि हेडचा एकही नट सैल करावा लागत नाही. साधी साधनं असलेल्या गॅरेजात यापेक्षा चांगली परीक्षा मला माहीत नाही.

धुरावरूनही बरंच कळतं, मात्र धूर केव्हा येतो ते पाहिलं पाहिजे. थ्रॉटल पिळताना, ओझं ओढताना निळसर धूर येत असेल तर रिंग. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना एकदाच भपकारा येऊन मग धूर थांबत असेल, किंवा उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा पिळल्यावर येत असेल, तर व्हॉल्व्हच्या दांडीवरचं सील गेलेलं असतं. सील गेल्याने ऑइल जळतं, कम्प्रेशन जात नाही. या दोहोंत गल्लत करून पुष्कळ पिस्टन बदलले जातात.

टू-स्ट्रोक गाड्यांचं गणित वेगळं आहे. राजदूत, येझदी आणि आरएक्स १०० आजही विदर्भात कौतुकाने सांभाळल्या जातात. त्यांच्या हेडमध्ये टॅपेट आणि व्हॉल्व्ह नाहीत, म्हणून सिलिंडरचा दाब गेला तर संशय रिंग, बोअर आणि हेड गॅस्केट यांच्यावरच येतो. त्या तेल मिसळूनच चालतात, तेव्हा नुसता धूर पाहून निष्कर्ष काढता येत नाही. पण त्यांच्यात खाली, क्रँककेसमध्येही दाब तयार व्हावा लागतो, आणि तो क्रँकच्या दोन सीलवर अवलंबून असतो. क्लचकडचं सील फाटलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जातं आणि धूर वाढतो. मॅग्नेटकडचं फाटलं तर नुसती हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि शेवटी सीझ होतं. वरचा आकडा चांगला आणि गाडी तरी हट्टी असेल, तर या सीलकडे बघा.

राजूरच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा शोध रिंग आणि बोअरपाशीच येऊन थांबेल असं मला वाटतं, आणि त्याचं कारण सुरुवातीला झाडांवर दिसलेल्या त्या काळ्या-पांढऱ्या धुळीत आहे. दोन्ही धुळी सारख्याच वाईट नसतात. चुनखडीचा कठीणपणा मोह्सच्या मापावर ३, म्हणजे लोखंडापुढे ती मऊ. खरा शत्रू क्वार्ट्‌झ, त्याचा कठीणपणा ७. तो रस्त्याच्या मातीत असतो आणि कोळशातल्या राखेच्या भागातही असतो. आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण जास्त असतं, अनेकदा ३० टक्क्यांच्या वर. रिंग आणि बोअरच्या मधला ऑइलचा थर काही मायक्रॉनचा असतो. जो कण जवळपास त्याच जाडीचा असतो, तो त्या थरात अडकून दोन्ही पृष्ठभाग घासत राहतो. डोळ्यांना दिसणाऱ्या खड्यापेक्षा हा न दिसणारा कण जास्त नुकसान करतो. चुना आपला उपद्रव दुसऱ्या वाटेने करतो. तो ओल धरून एअर फिल्टरवर थापला जातो. फिल्टर तुंबला की हवा कमी, पेट्रोल जास्त. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि कोरड्या भिंतीवर रिंग घासत राहते. विदर्भाच्या उन्हाळ्यात हवेवर गार होणाऱ्या इंजिनातलं ऑइल आधीच पातळ झालेलं असतं, आणि या इंजिनात ते साधारण १ लिटरच असतं. त्यातलं अर्धं जळून गेलं तरी कळत नाही, कारण ऑइलची पट्टी काढून पाहायची सवय नसते.

हेड आणि सिलिंडर उघडल्यावर झीज कशी पाहायची? बोअरच्या वरच्या कडेपासून नख खाली ओढा. वरची रिंग जिथपर्यंत येते तिथे पायरी लागली तर बोअर झिजला आहे. सगळ्यात जास्त झीज तिथेच होते, कारण दाब आणि उष्णता तिथे सर्वाधिक आणि ऑइल सर्वात कमी. मग जुनी रिंग पिस्टनवरून काढून बोअरमध्ये सरळ बसवा आणि तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने मोजा. बोअर ०.१ मिलिमीटरने रुंदावला की परीघ ०.३१ ने वाढतो आणि तेवढीच ही फट वाढते. त्यामुळे बोअर मोजायचं महाग साधन नसलं तरी ही फट बोअरची झीज तिपटीने मोठी करून दाखवते. हीच मोजणी बोअरच्या तळाशी करा, जिथे रिंग जात नाही. वरची फट आणि खालची फट यांतला फरक भागिले ३.१४, ही झाली वरची झीज. फरक नगण्य असेल तर बोअर चांगला आहे, नुसत्या नव्या रिंगवर भागू शकतं. फरक मोठा असताना नुसत्या रिंग घातल्या तर चार महिन्यांत तीच तक्रार परत येते. अशा वेळी बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन घालावा.

बोअर करून आणलेला सिलिंडर पेट्रोलने पुसून लगेच बसवू नका. होनिंगच्या दगडाची बारीक पूड भिंतीवरच्या ओरखड्यांत अडकलेली असते, आणि ती पेट्रोलने निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन घासा, पांढरं फडकं फिरवल्यावर पांढरंच राहीपर्यंत घासा, आणि लगेच ऑइल लावा. रिंगवरची अक्षरं वरच्या बाजूला, रिंगांच्या फटी एका रेषेत न येता १२० अंशांवर, आणि पिस्टनवरची ‘आयएन’ खूण इनटेकच्या बाजूला.

यानंतरही एक काम उरतं, आणि ते गॅरेजपेक्षा मालकाच्या हातात आहे. एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्यामधली रबरी नळी काढा आणि तिच्या आत पांढरं फडकं फिरवा. फडक्याला धूळ लागली तर ती धूळ फिल्टरला वळसा घालून आत आली आहे. नळी तडकली असेल, क्लॅम्प सैल असेल, फिल्टरची कड डब्यात नीट बसत नसेल. ही वाट बंद केल्याशिवाय नवा पिस्टन घालू नका. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, ऑइलात बुडवून पुन्हा पिळून बसवायचा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, बदलायचा. कंपनीच्या पुस्तकात त्यासाठी जे अंतर दिलं असेल ते साध्या रस्त्यासाठी आहे. खाणीच्या आणि भट्टीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने ते निम्म्यावर आणावं आणि ऑइलची पट्टी दर आठवड्याला पाहावी.